डोळ्यांच्या बाकावरचे पेशंट

सरकारी दवाखान्यात गुप्तरोगाच्या खोलीत समुपदेशक म्हणून बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून येतात. फक्त येतात ते शेजारच्या दारावरून! कारण रत्नागिरीत आमच्या पाटीखालच्या बाकावर कोणी बसत नाही. सगळे बसतात डोळ्यांच्या विभागापुढे, आणि कोणी बघत नाहीसं पाहून सटकन माझ्याकडे शिरतात. नावं मात्र विचारू नका, तो आमचा नियमच आहे.

*

एक खलाशी असाच तिकडे बसला होता. त्याला सटकायला मिळालंच नाही, आधी डोळेवाल्यांनीच आत बोलावलं. आता 'मी इथला नव्हे' कसं सांगणार? बिचाऱ्याने दिसतील ती अक्षरं वाचली. पुढच्या आठवड्यात माझ्याकडे आला तो नवाकोरा चष्मा लावून.

"मॅडम, डोळं झालं. आता खरा काय ता सांगू?"

*

आमच्याकडे आजार नेहमी मित्राला असतो. सावर्ड्याचा एक दुकानदार मित्राची लक्षणं इतकी रंगवून सांगत होता की आमच्या डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "मित्राला सुईची भीती वाटते का हो?"

"भयंकर!"

"मग त्याला म्हणावं, डोळे मिटून पालथं झोप."

दुकानदार निमूटपणे चपला काढून टेबलावर चढला. उठल्यावर म्हणतो, "मित्राला आता बरं वाटेल ना?"

*

बंदरावर आम्ही निरोध फुकट वाटतो. एका बोटीवरून इतकी मागणी यायला लागली की वरून आमच्या कौतुकाचं पत्र आलं! मी खुशीत तांडेलाला भेटायला गेले, म्हटलं हा बोटीचा प्रमुख, याचेही आभार मानू. त्याने खिशातून मोबाईल काढला. निरोधात घालून वर गाठ मारलेला.

"पान्यात पडला तरी काय होत नाय, मॅडम. एक नंबर माल!"

पत्र अजून आमच्या भिंतीवर आहे.

*

डोंगरातल्या एका आरोग्य केंद्राचा अहवाल दर महिन्याला येतो: निरंक. एकही पेशंट नाही! असेल कसा? गावातलं कोणी गावात दाखवतच नाही, एसटी पकडून रत्नागिरी गाठतात. एकदा त्याच गावचे सासरे आणि जावई डोळ्यांच्या बाकाच्या दोन टोकांना भेटले.

सासरे म्हणाले, "मोतीबिंदू."

पंचविशीतला जावई म्हणाला, "माजापन."

*

पुढच्या किश्शात मात्र आधी हसण्यासारखं काही नव्हतं. देवरूखकडची एक पहिलटकरीण. रक्त तपासलं तर गरमी, म्हणजे सिफिलिस, निघाली. तिला इंजेक्शनं दिली, पण नवरा मुंबईला. त्याने उपचार घेतले नाहीत तर तो शिमग्याला घरी आला की हिला पुन्हा तेच, आणि धोका पोटातल्या बाळाला. फोनवर त्याचं एकच, "मना काय झालेला नाय!" मला तिची फार काळजी वाटायची. तीच मला म्हणाली, "कसं येत नायत ते मी बगतंय."

पुढचं तिनेच सांगितलं. शिमग्यात पालखी दारात आली. घरच्यांचं गाऱ्हाणं गावचा मानकरी मोठ्याने देवाला घालतो आणि अख्खी वाडी त्याला होकार देते. हिने ओटी भरली आणि मानकऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. म्हातारा गरजला, "बा देवा म्हाराजा! ह्या घरची सून सांगतेय, तिच्या घोवाला रत्नागिरीच्या डाक्टराची सुई घ्यायची बुद्धी दे, नि पोटातला पोर सुखरूप ऱ्हाऊ दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी ओरडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा हजर. मान खाली, पण थेट आमच्या पाटीखालच्या बाकावर! आणि त्याच्या शेजारी त्याच वाडीतले आणखी तिघं मुंबईकर.

मी विचारलं, "तुम्ही कशाला आलात?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी एकजण म्हणाला, "मॅडम, 'व्हय म्हाराजा' आमीपन म्हनलाव न्हवं!"