शिफ्टवालीलाच खोली

चाकणच्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि अक्षरशः हवेत होते. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावातून डिप्लोमा करून गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला निघालेली मी पहिलीच मुलगी. गळ्यात फोटोचं ओळखपत्र, पायात सेफ्टी शूज आणि न्यायला-आणायला कंपनीची बस! ते शूज चांगलेच जड होते, तरी सुट्टीच्या दिवशी भाजी आणायलाही मी तेच घालून जायचे. कुणीतरी विचारावं, कुठल्या कंपनीत आहेस, एवढीच इच्छा. महिनाभरात एकानेही विचारलं नाही.

राहायला होते निगडीत, मामेबहिणीकडे. एक खोली, एक स्वयंपाकघर. त्यात ती, तिचा नवरा, दोन मुलं आणि मी. ओट्याखाली डोकं आणि दाराशी पाय अशी माझी झोपायची जागा. ताईने कधी तोंड वाकडं केलं नाही, पण मे महिन्यात तिचे सासू-सासरे राहायला यायचे होते आणि ओट्याखाली एकच डोकं मावत होतं. शिवाय बाबांनी निघतानाच अट घातली होती. महिनाभरात स्वतःची, पगारात बसणारी, सुरक्षित खोली मिळाली तर राहायचं. ते स्वतः येऊन बघणार, पसंत पडली तर ठीक, नाहीतर बॅग उचलून त्यांच्याबरोबर परत गावी. बाबा साखर कारखान्यात होते. गाळप संपलं की येतो म्हणाले होते, आणि ते येतो म्हणाले की येतातच.

एक गोष्ट मात्र मी त्यांच्यापासून लपवली होती. शिफ्ट कोणती, असं त्यांनी पहिल्याच फोनवर विचारलं आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, जनरल. म्हणजे सकाळी नऊला जायचं, संध्याकाळी सहाला यायचं, ऑफिसातल्या लोकांसारखं. खरं म्हणजे मला एक आठवडा पहाटेची फर्स्ट होती आणि एक आठवडा दुपारची सेकंड. सेकंडला रात्री अकराला सुटायचो आणि बस घराजवळ सोडेपर्यंत साडेअकरा होऊन जायचे. हे कळलं तर बाबा खोली न बघताच मला घेऊन जातील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सेकंडला रात्री जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला की मागून प्रेस मशीनचा धाडधाड आवाज यायचा आणि मी सांगायचे, ताईच्या शेजारी बांधकाम चाललंय.

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. बाबांचा फोन आला, पुढच्या आठवड्यात गुरुवारी पोहोचतो म्हणून, आणि माझ्याकडे मधला एकच गुरुवार उरला. सकाळी आठलाच मी बाहेर पडले. भीती होती, पण खरं सांगायचं तर मजाच जास्त वाटत होती. एवढ्या मोठ्या शहरात हजारो खिडक्या, त्यातली एक माझी असणार! प्रत्येक इमारतीकडे मी मालकिणीच्या नजरेने बघत होते. या गॅलरीत तुळस ठेवायची, त्या खिडकीला निळा पडदा लावायचा, असं सगळं ठरवून टाकत होते.

ताथवड्यात पहिलं दार ठोठावलं. तिथे इंजिनिअरिंगच्या मुलींचं होस्टेल होतं, खोलीत तीन कॉट, खाली व्यायामशाळा. भाडं ऐकलं आणि व्यायाम न करताच मला घाम फुटला. मग एक फ्लॅट बघितला, तिथल्या काकांनी सगळं दाखवलं, पाणीसुद्धा दिलं आणि शेवटी विचारलं, शिफ्ट कोणती. मी खरं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला ग्लास घेतला आणि म्हणाले, आमचं गेट दहाला बंद होतं. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढे तर पाटीच होती, फक्त फॅमिलीसाठी. दुपारपर्यंत मला चांगलंच कळून चुकलं की या शहरात रात्री घरी येणारी मुलगी कुणालाच नको आहे. आता कुणी विचारलं तर जनरलच सांगायचं, हे मी चाकणच्या बसमध्ये बसल्या बसल्या पक्कं केलं. एवीतेवी त्या उत्तराचा मला सराव होताच.

चाकणच्या अलीकडे एका वाडीत उतरले. रस्त्याला कंपन्यांच्या बसची रांग, आत शंभर पावलांवर शेतकऱ्याचं घर, आणि अंगणाच्या तीन बाजूंना बांधलेल्या सहा खोल्या. मालकीण काकू दारातच कांदे निवडत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, बांधा दणकट, नऊवारीचा काचा मारलेला. जमीन बरीचशी एमआयडीसीत गेली होती, राहिली त्यात अजून कांदा लावत होत्या. पाच खोल्यांत कंपनीत जाणाऱ्या मुली राहत होत्या आणि सहाव्या रिकाम्या खोलीत कांदा ठेवला होता. भाडेकरू मिळाला की तो हलवायचा. कांद्याचा वास जात नाही म्हणून भाडं कमी.

खोली बघितली आणि मी हरखूनच गेले. लहानशीच, पण भिंत जाड, फरशी गार, उत्तरेला खिडकी आणि कोपऱ्यात माझ्या गुडघ्याएवढा कांद्याचा ढीग. वास होता, नाही असं नाही. पण मी त्या ढिगावर गादी टाकून झोपायलाही तयार होते. भाडं माझ्या पगारात बसत होतं! मी मनातल्या मनात पडदासुद्धा लावून टाकला.

काकूंनी विचारलं, कोणत्या शिफ्टला जातेस. मी ताठ मानेने सांगितलं, जनरल. बाईंचा चेहरा उतरला.

"मग न्हाई जमायचं बाय," त्या म्हणाल्या. "जनरलवाल्या दोघी हायत. मोरी एकच हाय अन् दोघींना बी सातलाच आंघूळ पायजे. रोज भांडणं. मला शिफ्टवालीच पायजे."

त्यांनी सगळा हिशेब मला समजावून सांगितला. फर्स्टवाल्या पहाटे पाचला आवरून निघून जातात, मग जनरलवाल्या, आणि सेकंडवाल्या नऊला उठतात. त्यांच्या घरात खोली रिकामी झाली की आधी मोरी कोणत्या वेळेला मोकळी आहे ते बघायचं आणि मग त्या शिफ्टची मुलगी शोधायची. वीस वर्षांपासूनची त्यांची ही पद्धत होती. सगळं शहर जिला नको म्हणत होतं, नेमकी तीच मुलगी या बाईला हवी होती, आणि मी शहाणी, जनरल सांगून बसले होते. तिथल्या तिथे खरं सांगायला जीभ उचलेना. मी मान हलवली आणि तोंड पाडून बस पकडली.

ताईला सांगितलं तर ती पोट धरून हसली. रात्रभर मी स्वतःला शिव्या घातल्या. शुक्रवारपासून माझी सेकंडच होती, म्हणजे सकाळ मोकळी. नऊच्या ठोक्याला मी पुन्हा त्या अंगणात उभी होते आणि चेहऱ्यावर जमेल तेवढा आनंद आणून म्हणत होते की कंपनीने कालच माझी शिफ्ट बदलली. काकूंनी निवडायचा कांदा खाली ठेवला, माझ्या पायातल्या शूजकडे बघितलं, मग माझ्याकडे. ट्रेनीला जनरल देणारी कंपनी त्यांनी या पट्ट्यात अजून पाहिली नव्हती, असं त्यांनी मला सांगितलं. मी दोन दिवसांत दोनदा खोटं बोलले होते आणि दोन्ही वेळा पकडले गेले होते. मग मी सगळं ओकून टाकलं, बाबांच्या फोनसकट.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांनी जे सांगितलं ते रागावण्याहून वाईट होतं. घरी खरी शिफ्ट माहीत नसलेली मुलगी त्या ठेवत नसत. पूर्वी एकीचा भाऊ असाच अचानक आला होता, बहीण रात्री खोलीवर नाही म्हणून त्याने सगळी वाडी गोळा केली होती, आणि ती बिचारी तेव्हा कंपनीत लाईनवर काम करत होती.

"गुरुवारी बापाला घेऊन ये," काकू म्हणाल्या. "माझ्यासमोर सांग त्यांना. तवर खोली कुणाला देत न्हाई."

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. मशीनवर भाग लावताना मनात सारखी वाक्यं जुळवत होते. एका मिनिटाला वाटायचं, खोली मिळालीच! दुसऱ्या मिनिटाला वाटायचं, हे शूज, ही बस, कँटीनची भजी, सगळं गुरुवारपर्यंतच.

बाबा गुरुवारी सकाळी आले, पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. निगडीहून चाकणची बस धरली. वाटेत सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं, पण बाबांनी खिडकीशी जागा धरली आणि मला बोलूच दिलं नाही. प्रत्येक कंपनीची पाटी ते मोठ्याने वाचत होते आणि विचारत होते, इथे काय बनतं, तिथे कास्टिंग होतं का, तुझ्या प्रेसची ताकद किती टन. त्यांचा चेहरा असा फुललेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्यावर विरजण घालायचं धाडस मला झालं नाही.

काकूंनी बाबांना खाटेवर बसवलं, चहा दिला. मग माझ्याकडे वळून सरळ विचारलं, सांग आता, शिफ्ट कोणती.

"एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड," मी म्हणाले. "सेकंडला यायला साडेअकरा होतात, बाबा. पहिल्या दिवसापासून असंच आहे."

बाबांनी बशी खाली ठेवली. "मला कामून सांगितलं नाहीस, माय?"

तुम्ही परत न्याल म्हणून, असं मी कसंबसं बोलले.

"तीस वर्षं मी काय दिवसाच कामाला जात होतो?" बाबा म्हणाले. "अन् प्रेसचा आवाज मला कळत नाही? रात्री नऊला कुणाचं बांधकाम चालतं?"

म्हणजे त्यांना संशय होताच. मला इतकी लाज वाटली की मी कांद्याच्या साली मोजायला लागले. बाबांनी काकूंना विचारलं, बस कुठे थांबते. मग उठून रस्त्यापर्यंत चालत गेले, विजेच्या खांबांवर दिवे आहेत का ते मान वर करून बघितलं, परत आले. रात्री गेट कोण उघडतं, असं विचारलं. काकू म्हणाल्या, मीच, शेवटची पोरगी आत येईस्तवर मला झोप न्हाई. बाबांनी मान डोलावली, चपला काढल्या आणि खोलीत गेले. आत जाऊन खिडकी लावली, कांद्याच्या ढिगाशेजारी एक रिकामं पोतं अंथरलं आणि त्यावर आडवे झाले.

काकू गोंधळल्या. पाव्हणं, बरं वाटत न्हाई का, असं त्यांनी दारातून विचारलं. बाबा डोळे मिटूनच म्हणाले की रात्री उशिरा येणाऱ्याला दिवसा झोप लागली पाहिजे, नाहीतर खोली काय कामाची. तेव्हा दुपारचे बारा वाजत होते. रस्त्यावर ट्रक चालले होते, शेजारी कुणाचा तरी मिक्सर सुरू होता. मी आणि काकू पायरीवर बसून राहिलो. इतक्या धास्तीने मी कुठल्याच परीक्षेच्या निकालाची वाट बघितली नव्हती. मिक्सर थांबवा असं सांगायला मी उठले, तर काकूंनी माझा हात धरून बसवलं. रोजचा आवाज व्हऊ दे की, त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने आतून घोरणं ऐकू आलं आणि काकूंनी पदर तोंडाला लावला. मला मात्र हसू येत होतं की रडू, ते सांगता येणार नाही.

दोन वाजता बाबा बाहेर आले. सदऱ्याला पाठीवर कांद्याच्या साली चिकटल्या होत्या. काकूंना म्हणाले, कांदा हलवा, पोरगी आजच सामान आणेल. मग माझ्याकडे न बघता चपला घालत म्हणाले, सेकंडच्या आठवड्यात गेटातून आत आलीस की मिस्ड कॉल देत जा.

मी म्हटलं, तुमची झोपमोड होईल. त्या खोलीत मी अडीच वर्षं राहिले आणि सेकंडच्या प्रत्येक रात्री मिस्ड कॉल दिला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आतच ते फोन कट करायचे.