बटण बंद असताना

निजामाच्या अखेरच्या काळात नांदेडला आमच्या घरी वीज आली, ती फक्त बैठकीत. एका संध्याकाळी कचेरीतून आल्यावर यजमान स्वतःच स्वयंपाकघरात तार ओढायला निघाले. मिस्त्रीची वाट पाहायला ते तयार नव्हते. बैठकीतल्या तारेला जोड द्यायला ते स्टुलावर चढले.

"खाली उतरा," मी म्हणाले.

"बटण बंद हाय. उगंच भिऊन राहिलीस."

"मग अगोदर मी हात लावते."

मी खरोखरच चढायला दुसरी तिपाई ओढली. ते चिडले, पण उतरले.

सकाळी मिस्त्रीचाचा आले. बटण बंद ठेवूनच त्यांनी तपासायचा दिवा त्या तारेला लावला. तो पेटला; म्हणजे बटण बंद असूनही तारेत वीज होती. यजमान कचेरीला निघून गेले. मला मात्र दिवसभर एका जागी बसवेना. घासलेलीच भांडी मी पुन्हा घासत राहिले.