चीन बघून आलेले आप्पा

हात लांब करायचा, तळवा आडवा धरायचा आणि नदीपलीकडच्या झाडांवर सूर्य किती बोटं उरलाय ते मोजायचं. एक बोट म्हणजे पाव तास. मग मान हलवून म्हणायचं, "चला, चार बोटं ऱ्हायली." ही आप्पांची रोजची सवय. सांगलीच्या घाटावर संध्याकाळी फिरायला गेलात, तर हा हात लांब केलेला माणूस तुम्हाला दिसलाच असता. माझ्या कोटाच्या खिशात घड्याळ होतं. मी मुद्दाम ते काढून पडताळा घ्यायचो आणि आप्पा बरोबर निघाले की माझं डोकं फिरायचं.

माझा स्वभाव मुळात संशयी. गवळ्याच्या चरवीत बोट बुडवल्याशिवाय मी कधी दूध घेतलं नाही. घरात साखर संपली तर मी आधी मुंग्यांवर आणि मग बायकोवर संशय घ्यायचो. त्यातून शाळेत भूगोल शिकवत होतो. जगात कुठं काय आहे हे आपल्याला ठाऊक आहे, असं वाटणाऱ्या माणसाचा संशय दुप्पट असतो.

आणि आप्पा तर म्हणत की मी चीन बघून आलोय.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर ते आमच्या गल्लीत राहायला आले. सांगलीजवळच्या एका खेड्यातले हे जैन शेतकरी. शेती भावांच्या हाती सोपवून नऊ-दहा वर्षांपूर्वी मुंबईला गेले होते, ते एकदम आता परतले. मधल्या काळात बायको वारली होती. पद्मा नावाची मुलगी मामाच्या घरी वाढून सतरा वर्षांची झाली होती. तिला घेऊन त्यांनी दोन खोल्यांचं बिऱ्हाड केलं आणि लग्नकार्यात आचारी म्हणून जाऊ लागले. हाताला चव होती, यात संशय घ्यायला मलाही जागा नव्हती.

त्यांची हकीकत अशी. मुंबईच्या एका कापसाच्या शेठची पेढी शांघायला होती. शेठ जैन, कडक आचाराचे. दिवस बुडायच्या आत जेवण व्हायलाच हवं, पाणी गाळलेलं, कांदा-बटाटा वर्ज्य. तसं रांधणारा आपल्यातला माणूस हवा म्हणून ते आप्पांना बोटीत घालून घेऊन गेले. शेठना हिंडण्याची भारी हौस. सुट्टी मिळाली की सगळं कुटुंब निघायचं. पेकिंग, नानकिंग, सूचौ, हांगचौचं तळं, चीनची मोठी भिंत. आप्पा प्रत्येक वेळी बरोबर. मग लढाईत बोटी बंद झाल्या, पत्रं बंद झाली, आणि माणूस तिकडंच अडकला.

गल्लीला हे पटलं नाही. आमच्याकडे कुणी काशीला जाऊन आलं तर बारा वर्षं तेच सांगतं. हा गृहस्थ एवढा चीन बघून येतो आणि विचारल्याशिवाय बोलत नाही, म्हणजे पाणी मुरतंय. "येरवड्याला पण मोठी भिंत हाय की," असं न्हावी म्हणाला आणि ते गल्लीभर झालं. कुणी म्हणे मुंबईत दुसरं घर केलं होतं. मी दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यायचो आणि आपला अंदाज मनात ठेवायचो.

एकदा ओट्यावर मी त्यांना विचारलं, "हांगचौचं तळं कसं आहे हो?"

"ब्येस. पर काठाला लाकूड वलं. फुकून फुकून डोळं जायाची पाळी."

"आणि तळं?"

"पानी गोडं. डाळ चटशिरी शिजायची."

सूचौचे कालवे विचारले तर म्हणाले, तिथं भांडी घासायला पायऱ्या चांगल्या. पेकिंगच्या बादशाही वाड्याचं विचारलं तर दाराबाहेरच्या एका झाडाची सावली किती दाट होती ते सांगितलं. वाड्याचं छप्पर कुठल्या रंगाचं, सिंहासन कसं, चकार शब्द नाही. मला सांगा, ताजमहालाला जाऊन आलेला माणूस घुमटाबद्दल एक अक्षर न बोलता तिथल्या कोळशाचं वर्णन करू लागला, तर तुम्ही काय समजाल? मी तेच समजलो.

पेकिंगवर मात्र त्यांचा राग होता. "लय नाठाळ गाव, मास्तर. थंडीत पाच वाजायच्या आत दीस गडप. मंडळी जेवनार कवा? मग मी बाराला शेगडी पेटवायची. आन् उन्हाळ्यात उलटं. साडेसात होऊन गेलं तरी सूर्य आपला लोंबकाळतोय. आन्न गार हुतंय, पर मंडळींची हिंडायची हौस फिटत न्हाई." मी हसलो आणि विसरून गेलो. हे विसरणं मला पुढं महागात पडलं. खरं म्हणजे मला नव्हे, पद्माला.

पद्मासाठी साताऱ्याचं एक स्थळ आलं. धान्याचं दुकान, एकुलता मुलगा, मुलगी पसंत. मुलाच्या वडिलांच्या कानावर येरवड्याची कुजबुज गेली आणि ते रीतीप्रमाणे शेजाऱ्यांकडे चौकशीला आले. शेजारी म्हणजे मी. "तुम्ही भूगोलाचे मास्तर," ते म्हणाले. "माझ्यासमोर चार प्रश्न विचारा. माणूस चीनला गेला होता की कुठं, ते तुम्हाला कळेल." मला केवढा मान वाटला, काय सांगू. त्या रात्री मी पुस्तकातलं त्या भिंतीचं चित्र दोनदा पाहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आप्पांच्या बाहेरच्या खोलीत आम्ही बसलो. पद्मा आतल्या दाराशी पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. मी सहज बोलावं तसं सुरू केलं.

"आप्पा, चीनच्या भिंतीवर गेला होतात ना? वर रुंदी किती असेल?"

आप्पांनी एकदा दाराकडे पाहिलं. "आसंल की. लय रुंद."

"वर उभं राहिलं की पलीकडे काय दिसतं?"

पुन्हा दाराकडे बघून ते म्हणाले, "समुद्र."

"पेकिंगजवळच्या भिंतीवरून?"

"व्हय. निळाशार."

माझ्या पुस्तकात त्या जागी डोंगर होते, एकामागं एक, नुसते डोंगर. मी पोहे खाल्ले. टांग्यातून स्टेशनवर जाताना साताऱ्याच्या गृहस्थांनी विचारलं, "काय मास्तर?" मी म्हणालो, "शंका आहे." दोन शब्द. आठवड्यात नकाराचं कार्ड आलं. आप्पांनी ते वाचून कोनाड्यात ठेवलं, आणि मला मात्र चोर पकडल्याचं समाधान वाटलं. हे आज लिहितानाही मला लाज वाटते.

पुढं दोनेक महिन्यांनी मी वर्गात लहान-मोठे दिवस शिकवत होतो. फळ्यावर पृथ्वी काढली, अक्षांश काढले. आपल्या सांगलीचा थंडीतला दिवस अकरा तासांचा, वर चाळीस अंशांवर तोच सव्वानऊ तासांचा, असं लिहिलं. उन्हाळ्यात तोच पंधरा तासांचा. मग उदाहरण म्हणून चाळीस अंशांवरचं एक शहर लिहायला गेलो आणि हाताने लिहिलं, पेकिंग.

खडू तसाच राहिला. पाचच्या आत दीस गडप. साडेसात झाले तरी लोंबकाळतोय. गल्लीतल्या एकाही माणसाला हे ठाऊक नव्हतं. येरवड्याच्या कोठडीत बसून ते कुणाला सुचलं नसतं. रोज सूर्य बुडायच्या आत ताटं वाढायची ज्याच्यावर सक्ती आहे, असा माणूस तिथं हिवाळा-उन्हाळा राहिल्याशिवाय हे सांगूच शकत नाही. भूगोलाच्या मास्तरांपुढं अस्सल भूगोल ठेवला होता आणि मास्तर छपराचा रंग विचारत बसले होते.

शाळा सुटल्यावर मी थेट घाटावर गेलो. आप्पा होते. मी सगळं सांगून टाकलं, टांग्यातले दोन शब्दसुद्धा. ते रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते पाण्याकडे बघत राहिले.

"तुमचं चुकलं न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "मी वर गेलोच न्हाई."

"म्हणजे?"

"कुठंच न्हाई. मंडळी बघून यायच्या आत जेवान तयार पायजे. शेगडी, कोळसं, पितळी डबं घिऊन मी खाली बसायचो, पानी जवळ आसंल तितं. त्यांनी वर जायाचं, मी डाळ लावायची. त्यांनी यायचं, मी वाढायचं. जेवनं झाली की दीस बुडाला. मग सामान बांधा आन् चला. धा वर्सं आसंच."

"मग हेच सांगायचं की त्यांना!"

"पोर दारात हुती." त्यांचा आवाज खाली गेला. "आवं, तिची आई गेली तवा मी न्हवतो. तिला ताप आला तवा न्हवतो. धा वर्सं बाप न्हाई. मग म्हनलं, बापानं निदान जग बघितलं आसं तरी तिला वाटू दे. तिला सांगितलंय मी भिंत चढलो, वरनं समुद्र बघितला, वाडा बघितला. आता तिच्याम्होरं कसं म्हनू, की शेगडी फुकत बसलो हुतो?"

मी एवढंच विचारलं, की तिकडून पाठवलेली पत्रं तरी कुठं आहेत का? तेवढा पुरावा पुरेल.

"बायकूला धाडायचो. लढाई लागंपातूर. तिच्यासंगं गेली आसतील." मग म्हणाले, "तिला वाचाय येत न्हवतं. मेव्हणा वाचून दाखवत आसंल."

मी साताऱ्याला लांबलचक पत्र लिहिलं. अक्षांश लिहिले, सूर्यास्ताच्या वेळा लिहिल्या, माझी चूक लिहिली. उत्तर आलं की मुलाचं दुसरीकडे ठरलं आहे आणि आपली माहिती मनोरंजक वाटली. आप्पांना मी ते दाखवलं नाही.

त्यानंतर मिरजेकडच्या एका शेतकरी घराण्याचं स्थळ आलं. तिथंच पद्माचं लग्न झालं आणि पुढं दोन वर्षांत आप्पाही गेले. घाटावर फिरताना मी अजून घड्याळ काढतो, पण पडताळा घ्यायला कुणी नाही. मला सांगायचंय ते त्या स्थळाच्या बैठकीचं.

मुलाचे आजोबा आले होते. मोठा पटका, आवाज खणखणीत. ही कुजबुज मिरजेपर्यंत पोचली होतीच. मी मध्ये बोलायला तयार होऊन बसलो होतो, सूर्यास्ताच्या वेळा कागदावर मांडून आणल्या होत्या. म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"पावनं, आडपडदा नगं," ते आप्पांना म्हणाले. "लोक काय बी बोलत्यात. चीनला हुता, तर काय बघितलंसा तितं?"

पद्मा त्याच दारात उभी होती. आप्पांनी या वेळी दाराकडे पाहिलं नाही. मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं.

"काय बी न्हाई," ते म्हणाले. "गेलो समद्याकडं. पर वर चढलो न्हाई, आत गेलो न्हाई. मी खाली सैपाक करत हुतो."

आप्पांची मान खालीच होती. एक स्थळ हातचं गेलं होतं. दुसरं जाऊ नये म्हणून त्यांनी आपल्याकडची एकच शिल्लक गोष्ट देऊन टाकली होती. पद्मा आत गेली. मला वाटलं, रडायला गेली.

ती पत्र्याची पेटी घेऊन बाहेर आली. पेटीत पत्रं होती, सुतळीने बांधलेली, परक्या तिकिटांची, वर आप्पांचं मोठं मोठं अक्षर. तिने गठ्ठा आजोबांपुढं ठेवला. त्यांनी तिकिटं उलटसुलट करून पाहिली आणि एक पत्र काढून तिच्याकडेच दिलं. "वाच बाई. माझं डोळं गेल्यात."

ती न अडखळता वाचू लागली. कागदाकडे फारसं बघावं लागत नव्हतं.

"आज भिंतीपाशी आलो. मंडळी वर गेली आहेत. मी खाली आहे. वारा फार, शेगडी धरत नाही. डोंगराआड भिंतीचं एक टोक दिसतं, बाकी काही दिसत नाही. इथून लौकर निघणं आहे. पद्मीला हे वाचून दाखवू नको. तिला सांग, तुझा बाप भिंतीवर जाऊन आला."

आप्पांनी मान वर केली. "हे मेव्हण्यानं वाचलं न्हवं?"

"न्हाई आप्पा. मामा शेतावर आसायचा. मीच वाचायची आईला."

"तवा आठ वर्सांची हुतीस तू."

"व्हय."

"मग इतकी वर्सं कधी बोलली न्हाईस? साताऱ्याची मानसं आली तवा बी?"

पद्माने पत्र घडीवर घडी घालून मिटलं.

"आई म्हनाली हुती, पद्मे, हे पत्र तू वाचलंच न्हाईस. तुजा बाप भिंतीवर जाऊन आला."