सरलाबाईंचा खडू

गोडादऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक काळा फळा आहे. पाणी कधी जाणार, गणपतीची मीटिंग कधी, कोण वारलं, सगळं त्यावर येतं. फळा सांभाळतात सोसायटीचे प्रमुख रघुनाथभाऊ. पूर्वी ते पावरलूमच्या कारखान्यात सुपरवायझर होते. निवृत्तीनंतर देखरेखीला एवढा फळाच उरला.

एका सोमवारी सरलाबाईंनी त्यावर लिहिलं : ‘स्तनांच्या कॅन्सरची तपासणी. बुधवारी सकाळी दहा, आरोग्य केंद्र.’

सरलाबाई शिरपूरकडच्या. घरी बसून साड्यांना लेस लावतात. त्यांची थोरली बहीण ‘दुखस नही ना, मग काय’ म्हणत वर्षभर गाठ घेऊन हिंडली, आणि गेली. तेव्हापासून लेस द्यायला आलेल्या बाईलाही त्या धडा दिल्याशिवाय सोडत नाहीत. "बोटाच्या टोकानं नाही, बोटाच्या पोटानं चाचपून बघायचं. लेसखाली सुरकुती राहिली का बघतो, तसं. दुखत नसलं तरी दाखवायचं."

मंगळवारी शब्द गायब. रघुनाथभाऊ ओलं फडकं घेऊन उभे.

"सरलाबाई, इथं लहान मुलं खेळतात."

"भाऊ, जगात आल्यावर त्यांनी पहिलं काय शोधलं होतं? तुम्हीपण तेच शोधलं असेल."

भाऊंनी तरी स्वतःच्या हाताने ‘महिलांच्या आजाराची तपासणी’ असं सभ्य करून लिहिलं. परिणाम असा की बुधवारी अकरा बायका गुडघे घेऊन गेल्या, दोघी चष्म्याचा नंबर घेऊन, आणि एक नवऱ्याचा शुगरचा रिपोर्ट घेऊन. नर्स गौरीबेन कपाळाला हात लावून बसल्या.

जिनं जायला हवं होतं ती गेलीच नाही. ती म्हणजे सुलभावहिनी, खुद्द रघुनाथभाऊंची बायको. चार महिन्यांपासून त्यांच्या हाताला स्तनात सुपारीएवढं काहीतरी लागत होतं. सांगितलं ते फक्त सरलाबाईंना, तेही शपथ घालून. (आता वहिनी स्वतःच साऱ्या गल्लीला सांगतात, म्हणून मी लिहितो.)

"घरात सांग ना," सरलाबाई म्हणाल्या.

"जो शब्द त्यांना फळ्यावर चालत नाही, तो मी स्वयंपाकघरात कसा काढू?"

शपथ मोडायची नव्हती आणि वहिनीही गमवायची नव्हती. सरलाबाईंनी खडूंची पेटीच आणली. पुढच्या बुधवारची तारीख घालून त्या रोज लिहीत, भाऊ रोज पुसत. अक्षरं गुरुवारी वीतभर होती, रविवारी हातभर झाली.

"बाई, तुम्हाला लाज नाही," भाऊ म्हणाले.

"होती. बहिणीसंगे चितेवर जाळी टाकी."

बुधवारी सकाळी भाऊ फडकं पिळून फळ्यापुढे आले, तर वहिनी पिशवी घेऊन खाली उतरल्या.

"कुठं निघालीस?"

"तपासायला."

"कसली तपासणी?"

वहिनींनी फळ्याकडे बोट केलं. "वाचा."

फडक्याचं पाणी भाऊंच्या चपलेवर ठिबकत होतं.

"मोठ्यानं वाचा. नाहीतर पुसा. मी पुन्हा लिहीन, मलाही येतं लिहिता."

भाऊंनी वाचलं. पहिल्यांदा ओठांतल्या ओठांत, मग तीन गॅलऱ्यांना ऐकू जाईल असं. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"चार महिने."

"थांब, स्कूटर काढतो."

"नको. सरलाबाई आहेत. तुम्ही फळा सांभाळा, कोणाला पुसू देऊ नका."

दुपारी दोघी परतल्या तेव्हा भाऊ फळ्याखालीच खुर्ची टाकून बसले होते. जेवलेही नव्हते.

"गाठ आहे," वहिनी म्हणाल्या. "कसली, ते मोठ्या दवाखान्यात कळेल. उद्या बोलावलंय, तुम्ही यायचं. आणि खिडकीवर विचारतील कशासाठी आलात, तेव्हा माझ्याकडे बघायचं नाही. तुम्हीच सांगायचं."

"सांगेन," भाऊ म्हणाले.

सरलाबाईंनी खडू त्यांच्या खिशात घातला. "पुढच्या बुधवारचं तुम्हीच लिहा मग. आणि अक्षर मोठं काढा, भाऊ."