विहिरीपर्यंतची पावलं

१९८६ साल. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. थोरल्या पोरीला साक्रीकडच्या एका गावचं स्थळ आलं होतं. मुलगा येऊन गेला, पोरीला पसंत पडला. त्यांचं घर पाहायचं आणि होकार द्यायचा, एवढंच राहिलं होतं. मी आणि माझा मेहुणा गेलो.

चहा झाल्यावर मुलाच्या बापाने माझ्या हातात पेपर दिला. चष्मा आत राहिलाय, कापसाचं काय लिहिलंय ते जरा मोठ्यानं वाचा, म्हणाला. मी दुसरीपर्यंत शिकलेला. जोडाक्षर आलं की अडतो. चार माणसांत दोन ओळी कशाबशा ओढल्या. त्याने हसत पेपर काढून घेतला. "राहू द्या भाऊ, संध्याकाळ होईल."

सगळे हसले. मीही हसलो. मग पाय मोकळे करतो म्हणून उठलो, आणि त्यांच्या उंबऱ्यापासून विहिरीपर्यंत पावलं मोजली. चारशे दहा. वर चढ.

घरी येऊन सांगितलं, जमणार नाही. पोरीचा जन्म पाणी वाहण्यात जाईल. चढ सांगितला, उन्हाळा सांगितला, बाळंतपणात हंडा कोण आणणार तेही सांगितलं. बोलत गेलो तसा माझा मुद्दा मलाच पटत गेला. त्यात खोटं काहीच नव्हतं. चारशे दहा म्हणजे चारशे दहा, हे मी आजही म्हणेन. पण पेपर हातात आला नसता तर मी मोजायला उठलो असतो का, हे तेव्हा मनात आलं नाही.

मेहुण्याने त्याच्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं होतं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "राग तुम्हले त्या पेपरना शे. नाव पाणीनं लेतस."

मी ताट सारलं. मला अक्कल शिकवू नको, उद्याच नकार देऊन येतो, म्हणालो.

पोरगी पाणी घेऊन आली. माझ्यापुढे तांब्या ठेवून ती म्हणाली, "आबा, आपली विहीर कितला पावलंवर शे?"

त्याच विहिरीचं पाणी जन्मभर प्यालो, पण हंडा कधी उचलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या हातातला हंडा घेतला आणि निघालो. आमच्याकडे गडीमाणूस पाण्याला जात नाही. विहिरीवरच्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. एका म्हातारीने विचारलंच, "का रे भाऊ, बायको रुसनी का?" आकडा चुकू नये म्हणून मी बोललो नाही. सहाशे चाळीस. परत येताना भरला हंडा खांद्यावर होता, तेव्हा मोजणं दोनदा चुकलं.

हंडा ओट्यावर ठेवला. पोरीला आकडा सांगितला नाही. माझं मन शरमेने वळलं की विचाराने, ते मला अजून सांगता येत नाही. ओला सदरा बदलला, आणि होकार द्यायला साक्रीची एसटी धरली.