कागदावर हेइसेई, जन्माने शोवा

दुबई मरीनातल्या एका जपानी कंपनीत मी दुभाष्या म्हणून लागलो, तेव्हा प्रोबेशनवर होतो. मला कायम करायचं की नाही, हे जपानहून येणारे वयस्कर साहेब ठरवणार होते. घराण्यातला पहिला पदवीधर मी. आईने गावात पेढे आधीच वाटून टाकले होते.

जपानी लोक सम्राटाच्या कारकिर्दीवरूनही वर्षं मोजतात. नवा सम्राट आला की पुन्हा पहिलं वर्ष. सध्या रेइवा, त्याआधी हेइसेई, त्याआधी शोवा. शाळेत शकात अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन काढायला शिकलेलो असल्याने मला हे सोपं वाटायचं. अल मनखूलच्या खोलीवरून ऑफिसला जाताना मनात घोकायचो, रेइवात दोन हजार अठरा मिळवा.

साहेबांनी ओळख करून घेताना माझी जन्मतारीख विचारली. मी ऐटीत सांगितलं, हेइसेई पहिलं वर्ष, एक जून. मग घरच्यांची चौकशी झाली. वडिलांचा वाढदिवस? एक जून. बायकोचा? एक जून. साहेबांनी चष्मा काढला.

शेजारी माझा वसईचा सहकारी बसला होता. त्याची तारीख चर्चच्या दप्तरात पक्की. तो मराठीत पुटपुटला, "सासऱ्यांचापण सांगून टाक."

मी घाईने खुलासा केला. आमच्याकडे जन्माची नोंद कुणी करत नसे. शाळेत नाव घालताना गुरुजी वयात बसेल असं वर्ष धरून एक जून लिहीत आणि मोकळे होत. साहेब गंभीरच.

"मग खरा जन्म कधीचा?"

दुभाष्याच अंदाजपंचे बोलला तर खलास. मी परवानगी घेऊन तिथूनच आईला स्पीकरवर फोन लावला.

"मार्गशीर्षातला गुरुवार," आई म्हणाली. "तुला शाळेत घातलं तेव्हा साडेसहा वर्षांचा होतास, गुरुजींनी सहाचाच लिहिला. पण आता पत्रिका कशाला? दुसरं लग्न करतोस की काय?"

सहकारी खोकण्याच्या निमित्ताने टेबलाखाली वाकला. मी हिशेब मांडला. म्हणजे कागदावरच्या जून एकोणनव्वदच्या आधीचा मार्गशीर्ष. तो संपता संपता जानेवारीत हेइसेई लागलं होतं. पण मार्गशीर्षातल्या प्रत्येक गुरुवारी जुनंच शोवा चालू होतं.

"माफ करा साहेब," मी म्हणालो. "मी कागदावर हेइसेई, पण जन्माने शोवा."

साहेब पहिल्यांदाच हसले. तेही शोवाचेच. ऑफिसातली पोरं त्यांना जुनाट समजतात, निदान एक सोबती तरी मिळाला, असं म्हणाले. खात्री करायला थेट आईला विचारणारा दुभाष्या त्यांना पसंत पडला. मला कायम कधीपासून करायचं, ती तारीख मात्र त्यांनी स्वतः निवडली.

एक जून.