मिशनबायंना दिलेला बाळकृष्ण

मूर्खपणाची कबुली आधीच देऊन टाकते. एका मिशनरी बाईंच्या घरात देव नाही म्हणून मला त्यांची दया आली आणि मी माझा बाळकृष्ण त्यांना देऊन टाकला.

हा बाळकृष्ण कराडहून निघताना आईने माझ्या ओटीत घातला होता. "परमुलखात चाललीस, याला उपाशी ठेवू नकोस," एवढंच बोलली आणि एसटीकडे पाठ करून रडली. ह्यांना तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर फिटरची नोकरी लागली होती. मागे राहिलेल्या भावंडांनो, तुम्हाला वाटलं, ताई मोठ्या शहरात गेली. तारापूरजवळच्या बोईसरला आम्ही राहिलो; तिथे तेव्हा भातखाचरं होती, गवत होतं आणि चिकूच्या वाडीत आमची एक खोली. आज तिथे कारखाने आहेत आणि भाजीवाल्याशी मी हिंदीत भांडते.

शेजारी त्या मिशनरी बाईंचा दवाखाना; गाव त्यांना मिशनबाय म्हणे. बाई गोऱ्या, सत्तरीच्या; बोली मात्र थेट इथली. रोज दवाखाना उघडण्याआधी त्या गुडघे टेकून एकेका रोग्याचं नाव देवाच्या कानावर घालत. भिवाचा खोकला, काशीचं पोट, दुधवाल्याची गाभण म्हैस, मग मी. मलाही दिवस गेले होते ना! म्हशीमागून नंबर लागतो म्हणून मी धुसफुसायचे. पण त्या मुलखात माझं नाव घेणारं दुसरं होतं कोण? हे तर मला 'अगं' म्हणत.

बाईंच्या समोर भिंतीवर नुसता लाकडी क्रूस. त्यावर कोणीच नाही! मी ठरवलं, म्हातारीचा देव चोरीला गेला. बाळकृष्ण त्यांच्या हाती दिला आणि वर बजावलं, "रोज आंघोळ घाला. लोणी-साखर चुकवू नका."

ह्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, आपल्याला बाटवायला त्या सातासमुद्रापलीकडून आल्या, आणि तू त्यांनाच बाटवून आलीस?"

एकुलती एक मायेची बाई मी तोडली, असं धरून दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. बाळकृष्ण औषधांच्या कपाटात, कापसाच्या गादीवर रांगत होता.

आता आई नाही, कराडचं घरही नाही. कुणी गाव विचारलं की मी बोईसर सांगते, आणि ते गाव माझं झालं त्याच सकाळी. मी हुंदके देत होते, तर मिशनबाय हसून म्हणाल्या, "रडतेस कशाला, बाय? मी पयल्यांदा इकडं आली तवा मीबी घरोघरी देव देतच फिरत होती. मला कोनी हाकललं नाय, चाय पाजली. बस, चाय घे."